उपाशी देहाला पहिला घास

माननीय उम्मे मुंझिर (रजि.) यांच्या घरी एकदा प्रेषित मुहम्मद (स.) आले. सोबत माननीय अली (रजि.) होते. ते नुकतेच आजारातून उठलेले, देह अजून क्षीण. घरात खजुराचे घड टांगलेले होते. अली (रजि.) ते खाऊ लागताच प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले व अशक्तपणाची आठवण करून दिली. पुढे उम्मे मुंझिर (रजि.) यांनी जव आणि बीटाची भाजी शिजवून आणली, तेव्हा ती अलींना अधिक मानवेल असे सांगितले. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे.

या हदीसमध्ये दीर्घ उपासमारीचा उल्लेख नाही. आधुनिक वैद्यक तीत ओढूनताणून शोधू नये. परंतु दुबळ्या देहाला काय द्यावे आणि काय रोखावे, हा प्रश्न तोच आहे. भुकेल्याला जेवू घालणे सूरह बलदने अवघड घाटाच्या चढणीत गणले आहे. ते कसे घालावे, हे न कळल्यास प्रेमाने दिलेला घासही घातक ठरतो.

15 एप्रिल 1945 रोजी ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बेर्गेन-बेल्सन छळछावणी मुक्त केली. तेथे सुमारे 60,000 माणसे जिवंत सापडली. सैनिकांनी दयेपोटी आपल्या शिध्यातील डबाबंद मांस व इतर जड अन्न त्यांना दिले आणि ते खाऊन कित्येक जण दगावले. टायफस व उपासमारीच्या परिणामांनी मुक्तीनंतरही 13,000 हून अधिक लोक मरण पावले. नंतर 1943 च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले दूधभुकटी, पीठ व साखरेचे मिश्रण देऊन पाहिले. ते इतके गोड होते की अनेकांना घेववेना.

असे का घडते? उपासमारीत शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळून तग धरते आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा आटत जातो. अशात एकदम भात, साखर, खजूर पोटात गेले की इन्सुलिन उसळते. पेशी साखरेबरोबर हे उरलेसुरले क्षारही रक्तातून ओढून घेतात. रक्तातील फॉस्फरस कोसळला की श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाची लय बिघडते, अंगावर सूज चढते. ब-1 जीवनसत्त्व आधीच संपलेले असेल तर मेंदूलाही इजा होते.

रमजानच्या रोजाशी याची गल्लत करू नये. निरोगी माणूस रोज इफ्तार व सहरी करतो. त्याचा साठा आटत नाही. धोका वेगळ्यांना आहे: पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाल्लेला रुग्ण, कर्करोगाने किंवा क्षयाने खंगलेला, अन्नावरची वासना उडालेली घरातील वृद्ध आजी. ती दहा दिवसांनी “काहीतरी द्या” म्हणाली की घर आनंदते, आणि सून मायेने शिरखुर्म्याचा वाडगा भरून आणते. नेमके तेव्हाच डॉक्टरांना विचारावे. अशा अतिजोखमीच्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला जास्तीत जास्त 10 कॅलरींपासून आरंभ करतात; म्हणजे 40 किलोच्या आजीला दिवसभरात 400. अन्न सुरू करण्यापूर्वीच ब-1 देतात, रक्तातील क्षार रोज तपासतात आणि चार ते सात दिवसांत आहार हळूहळू पूर्ण करतात. या दिवसांत धाप, पायांवर सूज, गोंधळलेले बोलणे किंवा छातीत धडधड दिसली, तर पुढचा घास थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.