फाइलीचे विस्तारनाम आणि तिचा कार्यक्रम

पुण्याच्या स्थानकावरील पार्सलावर ‘वायपीआर’ ही अक्षरे असली, की ते बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकाकडे धाडावयाचे हे हमालास कळते. आत कापड आहे की काच, हे पाहण्याचे त्यास कारण पडत नाही. संगणकातील फाइलींची वाटणीही पुष्कळशी अशाच खुणेवर चालते. नावातील शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे, म्हणजेच विस्तारनाम, ही ती खूण होय.

विंडोज प्रणालीत या वाटणीच्या दोन नोंदी असतात. विस्तारनाम कोणत्या प्रकारात मोडते, हे पहिली सांगते. त्या प्रकारची फाइल कोणत्या कार्यक्रमाने उघडावी, हे दुसरी. आज्ञा टंकून देण्याच्या कमांड लाइनवर ‘असोक .टीएक्सटी’ असे रोमन अक्षरांत विचारले असता ‘टीएक्सटीफाइल’ हा प्रकार कळतो. ‘एफटाइप टीएक्सटीफाइल’ विचारले असता नोटपॅडचा ठावठिकाणा मिळतो.

या नोंदींचे महत्त्व मे २००० मध्ये जगास कळून आले. फिलिपाइन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ या पत्रासोबतच्या फाइलीच्या नावात ‘टीएक्सटी’ ही अक्षरे होती. परंतु त्यांपुढील ‘व्हीबीएस’ हे खरे विस्तारनाम पुष्कळ संगणकांवर झाकलेले असे. साधा मजकूर समजून लोकांनी फाइल उघडली. व्हीबीएसशी जोडलेल्या कार्यक्रमाने तीतील सूचना तत्काळ अमलात आणल्या; अनेक फाइली नष्ट झाल्या आणि तेच पत्र ओळखीच्या सर्व पत्त्यांवर गेले. विंडोज २००० मध्ये ‘असोक .व्हीबीएस=टीएक्सटीफाइल’ ही आज्ञा आधी दिलेली असती, तर त्याच सूचना नोटपॅडमध्ये नुसत्या वाचावयास मिळाल्या असत्या.

२०१२ च्या विंडोज ८ पासून वापरणाऱ्याची निवड वेगळ्या, संरक्षित नोंदीत राहते आणि तीच वरचढ ठरते. ती ‘सेटिंग्ज’मधून बदलता येते. लिनक्समध्ये ‘एक्सडीजी-माइम’ या आज्ञेने जोडणी विचारता व बदलता येते. तेथील ‘फाइल’ ही आज्ञा तर विस्तारनामावर न विसंबता आतील मजकूर तपासते; पीडीएफ फाइलीच्या आरंभी ‘%पीडीएफ’ ही अक्षरे रोमन लिपीत असतात, त्यांवरून ती ओळखली जाते.

जोडणी बदलण्यापूर्वी जुने उत्तर वहीत उतरवून ठेवावे, म्हणजे पूर्वस्थिती आणणे सोपे जाते. विस्तारनामे नेहमी दिसतील अशी व्यवस्थाही करून घ्यावी. अनोळखी फाइल आली असता प्रथम तिचे पूर्ण नाव वाचावे, आणि ती कोणत्या कार्यक्रमाच्या हाती जाणार हे पाहून मगच ती उघडावी.