गेममुळे लॅपटॉप जळेल का?

प्रश्न : मुलाने गेम लावला की लॅपटॉपचा पंखा घोंघावतो, तापमान 85 अंश दाखवतं. लॅपटॉप जळणार तर नाही ना?
– एक पालक, सांगली

उत्तर : घाबरू नका. 1920 बाय 1080च्या पडद्यावर सुमारे 20 लाख ठिपके असतात. गेममध्ये ते सेकंदाला 60 वेळा नव्याने रंगवावे लागतात. एक्सेलला एवढं काम कुठलं? चिप तापणारच. अति तापली तर ती आपणहून वेग कमी करते, तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं.

गादीवर मात्र लॅपटॉप ठेवू देऊ नका, खालची जाळी बुजते. पडदा 60 हर्ट्झचा असेल तर सेटिंगमध्ये फ्रेम रेट 60वर बांधा. चित्रात सहसा फरक जाणवत नाही, पंखा मात्र शांत होतो. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगली असू शकते. चार्जिंग थांबवा, दुरुस्तीला द्या.