भिंतीवरील तसबिरींची मांडणी

बैठकीच्या खोलींत तसबिरी लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. १८९४ सालीं मुंबईस राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला, तेव्हांपासून देवादिकांचीं रंगीत चित्रें सामान्य घरांतही जाऊं लागलीं. पुढें कुटुंबांतील माणसांचीं छायाचित्रें त्यांच्या शेजारीं आलीं. परंतु जेथें जुना खिळा सांपडला तेथें तसबीर अडकविली, असाच प्रकार पुष्कळदां दृष्टीस पडतो.

हातोडी हातीं घेण्यापूर्वीं सर्व तसबिरी सतरंजीवर मांडून पाहाव्या. सर्वांत मोठी तसबीर मध्याजवळ ठेवून लहान चौकटी तिच्याभोंवतीं रचाव्या. दोन चौकटींमधील अंतर सर्वत्र सारखें, सुमारें २ इंच, असावें; मग चौकटी लहानमोठ्या असल्या तरी नजर त्यांस एक समूह मानते. मांडणी मनास आली म्हणजे प्रत्येक चौकटीच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीस चिकटवावा व दूर उभें राहून पाहावें. खिळ्याची खूण ताणलेल्या दोरीचा शेंडा जेथें येतो तेथें करावी, चौकटीच्या वरच्या कडेवर नव्हे. बहुतेकांची फसगत येथेंच होते.

चित्रशाळांतून चित्राचा मध्य बहुधा जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवितात, कारण तेथें पाहणारा उभा असतो. जेथें मंडळी जाजमावर बसतात तेथें हें माप आम्हांस जास्त वाटतें. तेथें तसबिरी खुशाल खालीं आणाव्या. दारावर उंच लावावयाचीच असेल तर वरची कड पुढें झुकवावी, म्हणजे खालीं बसलेल्यास चित्र नीट दिसतें.

आतां दोरीविषयीं. ती घट्ट ताणून बांधिली म्हणजे तसबीर पक्की बसते, हा समज अगदीं उलटा आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं बलांचा समांतरभुज चौकोन आठवावा. तसबिरीचें वजन ४ किलो असून दोरीच्या दोन्ही बाजू आडव्या रेषेशीं ३० अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येक बाजूवर ४ किलोंचाच ताण येतो. कोन १० अंशांचा केला कीं तो सुमारें साडेअकरा किलोंवर जातो! दोरी तुटते ती यामुळें. शिवाय एका खिळ्याऐवजीं सारख्या उंचीवर दोन ठोकले तर झाडझुडीच्या वेळीं तसबीर वांकडी होत नाहीं.

परंतु तसबीर पडून काच फुटली तर नवी मिळते. चित्र गेलें तर मिळत नाहीं. आजोबांचें एकच छायाचित्र घरांत असतें, आणि कोंकणांतील पावसाळ्यांत तें काचेस चिकटतें, कारण दमटपणानें त्यावरील सरसाचा थर मऊ होतो. म्हणून काच व चित्र यांमध्यें जाड पुठ्ठ्याची कड घालावी, चौकटीच्या मागें खालच्या कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी, आणि बाहेरच्या ओलसर भिंतीवर किंवा उन्हाच्या तिरिपेंत छायाचित्र लावूं नये. चिकटलेलें चित्र ओढून काढूं नये. काचेसह तसेंच ठेवून जाणत्यास दाखवावें. आजकाल प्रत काढणें सोपें झालें आहे; भिंतीवर प्रत लावून मूळ चित्र कोरड्या पेटींत ठेवावें, हें सर्वांत बरें.

एक काम मात्र मुलांनींच करावें. तसबिरी उतरविलेल्या असतांनाच आजीस जवळ बसवून प्रत्येक माणसाचें नांव, नातें व गांव विचारून घ्यावें, आणि डावीकडून उजवीकडे अशा क्रमानें तें एका कागदावर लिहून कागद चौकटीच्या पाठीवर चिकटवावा.