अँप्लिफायरची घरघर

विद्युत-गिटार आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. व्हॅन शिप्ले यांनी हवाईयन गिटारवर चित्रपटगीते वाजवून ती घरोघर नेली, त्यालाही बराच काळ लोटला. घाटकोपर-मुलुंडच्या गणेशोत्सवात किंवा आपल्या स्नेहसंमेलनात गिटारविना वाद्यवृंद शोधावाच लागेल. पण तिच्याबरोबर एक आगंतुकही रंगमंचावर येतो, तो म्हणजे अँप्लिफायरची घरघर. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या तांत्रिक भानगडीत पडू नये, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. घरघरीचे निदान करायला मुख्यतः कान लागतो, आणि कानाच्या बाबतीत आपण कोणाच्या मागे असण्याचे कारण नाही.

आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. अँप्लिफायरमधील रेक्टिफायर तिला एकाच दिशेने वाहायला लावतो, तेव्हा तिच्यात सेकंदाला १०० तरंग उरतात. ते सपाट करणे हे मोठ्या कंडेन्सरचे काम. कंडेन्सर जुना होऊन सुकला, की १०० कंपनांची घरघर सुरू होते. केबलमधून किंवा सदोष जोडणीतून शिरलेली घरघर मात्र मूळ ५० ची असते. आता सर्वांत जाड तारेवर तिसरे फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत तिसरा पडदा, दाबून तार छेडावी. हा सूर ९८ कंपनांचा. घरघर त्याच्याशी जवळजवळ जुळली तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. एक सप्तक खाली असेल तर दोष बाहेर शोधावा. लहान स्पीकरमधून खालचा सूर नीट उमटत नाही, म्हणून केवळ या परीक्षेवर विसंबू नये.

दुसरी परीक्षा अधिक भरवशाची आहे. अँप्लिफायरचा आवाज शून्यावर आणूनही घरघर राहिली, तर दोष पेटीच्या आत आहे. ती उघडण्याचा मोह टाळावा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही कंडेन्सरात शेकडो व्होल्ट साठून राहतात. आवाज तसाच ठेवून गिटारची केबल उपसताच शांतता झाली, तर दोष केबलमध्ये किंवा गिटारमध्ये. आमच्या तालमींत बहुतेक वेळा केबलच्या टोकाचा निसटलेला टाकाच निघतो. जागच्या जागी वळल्यावर घरघर कमीजास्त होत असेल, तर गिटारचा पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा ट्यूबलाइटच्या चोकचे चुंबकीय क्षेत्र टिपत आहे. यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तोड काढली. उलट्या वेढ्यांची आणि उलट ध्रुवांची दोन वेटोळी शेजारी ठेवली, की तारेचा सूर दुणावतो आणि बाहेरची घरघर परस्पर खोडली जाते.

मालाडकडच्या मित्रांना आणखी एक चमत्कार ठाऊक असेल : अँप्लिफायरमधून बातम्या ऐकू येणे! मालाडला आकाशवाणीचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण केंद्र आहे. लांब केबल एरियलसारखी वागते आणि पहिला ट्रान्झिस्टर नकळत रेडिओचे काम करतो. चांगल्या जाळीची आखूड केबल हा त्यावरचा साधा उपाय. बटण फिरवताना येणारी खरखर मात्र निव्वळ धुळीची असते.

खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. दोन अँप्लिफायर दोन वेगळ्या सॉकेटांवर असले आणि केबलने एकमेकांना जोडलेले असले, तर अर्थिंगच्या दोन वाटांचे एक वेटोळे तयार होते आणि घरघर वाढते. मग कोणीतरी ‘जाणकार’ प्लगची जाड पिन काढून टाकतो. घरघर थांबते, टाळ्याही पडतात. पण ती जाड पिन म्हणजेच अर्थ. ती गेल्यावर पेटीत कुठे वायर सुटून धातूला टेकली, तर वीज गिटारच्या तारांवर येते. आणि गायकाचे ओठ माइकला लागलेले असतात. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे, सदोष अर्थिंगच्या माइकला हात लागून रंगमंचावरच दगावला. आपल्याकडे तर गणपती पावसाळ्यात येतात. मंडप ओला, पाय अनवाणी.

पिन न काढताही हे वेटोळे तोडता येते. सर्व अँप्लिफायर आणि माइकचे यंत्र एकाच बोर्डावरून चालवावे. विजेच्या आणि गिटारच्या वायरी शेजारून नेऊ नयेत. तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या, तर वाजवणे तिथेच थांबवावे. टेस्टरचा दिवा फेज दाखवतो, अर्थिंग शाबूत आहे की नाही हे सांगत नाही. त्यासाठी वायरमनला बोलवावे, आणि तेही वाद्ये मांडण्यापूर्वी.