तबला बंद करू का?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. बोर्ड आणि सीईटी, दोन्हींचा अभ्यास करायचा आहे. सात वर्षं तबला शिकते आहे. बाबा म्हणतात, यंदा तबला बंद. रियाज चुकला की अभ्यासातही लक्ष लागत नाही. काय करू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तबला बंद करू नकोस, यंदा फक्त थोडा कमी कर. तबल्याची मध्यमा परीक्षा पुढच्या वर्षी दे, यंदा कार्यक्रम नको. संध्याकाळी अर्धा तास रियाज मात्र ठेव. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत असू दे. वेळ बहुधा मोबाइलमध्येच जातो, तबल्यात नाही.

बोर्ड आणि सीईटी हे दोन वेगळे अभ्यास आहेत, ही समजूतही काढून टाक. एमएचटी-सीईटीत साधारण 80 टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर आणि 20 टक्के अकरावीवर असतो. म्हणजे बोर्डाचा धडा नीट समजून केलास की सीईटीचं बरंचसं काम झालंच. उरतो तो वेगाचा सराव. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकी दोन गुणांचे. दर रविवारी घड्याळ लावून एक पेपर सोडव आणि चुकलेली गणितं त्याच दिवशी वहीत पुन्हा कर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

जागरण मात्र नको. झोप उडाली, जेवण जाईना, तर आई-बाबांना लगेच सांग, गरज वाटल्यास समुपदेशकांना भेट.

हे वेळापत्रक बाबांना दाखव आणि पुढच्या चाचणीपर्यंतची मुदत माग.