मातींतील एक जंतु : नोकार्डिया

सन १८८८ मध्यें एडमंड नोकार्ड नामक फ्रेंच पशुवैद्यास ग्वादलूप बेटांतील गुरांच्या एका रोगांत एक सूक्ष्म जंतु आढळला. पुढें त्याच्याच नांवावरून त्यास ‘नोकार्डिया’ म्हणूं लागले. सूक्ष्मदर्शकांतून तो फांद्या फुटलेल्या तंतूसारखा दिसतो. म्हणून कित्येक वर्षें विद्वान् लोक त्यास बुरशींतच गणीत. आहे मात्र तो बॅक्टीरिया!

त्याचें घर म्हणजे माती व कुजका पालापाचोळा. धुळीबरोबर तो आपल्यापैकीं कित्येकांच्या श्वासांत शिरत असेल. परंतु निरोगी शरीरांतील पांढऱ्या पेशी त्याचा समाचार घेतात. ज्यांची ही शक्ति क्षीण झाली आहे, म्हणजे मूत्रपिंडाचें आरोपण झालेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे अथवा एड्सनें ग्रासलेले रोगी, त्यांच्या फुप्फुसांत मात्र तो ठाण मांडतो. माणसापासून माणसास तो जडत नाहीं, हें शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

खरी अडचण निदानाची. ताप, खोकला, वजन घटणें, क्ष-किरण चित्रांत फुप्फुसास पोकळी, हीं सारीं क्षयाचींहि लक्षणें! क्षय जेथें घरोघर ठाऊक, अशा आपल्या देशांत मग रोग्यास कधीं कधीं महिनोन्महिने क्षयाचींच औषधें मिळतात; आणि इकडे हा जंतु रक्तावाटे मेंदूपर्यंत पोंचूं शकतो. बेडक्यांतून तो वाढवून पाहण्यासहि धीर लागतो. दोन दिवसांत तबकडी टाकून दिली तर तो बहुधा निसटतोच. कित्येकदां दोन-तीन आठवडे वाट पाहावी लागते. सल्फा औषधें त्यावर गुणकारी आहेत. पण तीं बहुधा सहा महिने वा अधिक काळ, बरें वाटूं लागल्यावरहि, घ्यावीं लागतात.