शब्द, सूर आणि दृश्य : म्युझिक व्हिडिओचे सिद्धांत, प्रकारसंकेत आणि विद्यार्थी-निर्मिती

१. प्रास्ताविक

प्रसारमाध्यमांसाठी लेखन हा विषय मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासात रुजल्यापासून गीताचे दृश्यरूप सिद्ध करणे हा प्रकल्पही विद्यार्थ्यांसमोर येऊ लागला आहे. एखादी लावणी, कोळीगीत, अभंग वा भावगीत निवडावयाचे, त्याचा तीन-चार मिनिटांचा म्युझिक व्हिडिओ तयार करावयाचा आणि त्यासोबत विवेचक टिपण सादर करावयाचे, असे या प्रकल्पाचे स्थूल स्वरूप असते. वरवर पाहता हा तंत्राचा विषय वाटतो. तथापि साहित्याच्या अभ्यासकासाठी त्यात एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. गीतातील शब्द ऐकताना श्रोत्याच्या मनात अनेक प्रतिमा संभवतात. कॅमेरा त्यांपैकी एकच दाखवितो. दृश्यामुळे शब्दाचा अर्थ विस्तारतो की आटतो, हा तो प्रश्न होय. म्युझिक व्हिडिओविषयीचे प्रमुख सिद्धांत व प्रकारसंकेत यांचा या प्रश्नाच्या अनुरोधाने परामर्श घेणे आणि विद्यार्थी-निर्मितीच्या दृष्टीने त्यांची उपयुक्तता तपासणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. सिद्धांतांची पार्श्वभूमी

अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली आणि म्युझिक व्हिडिओला स्वतंत्र प्रकाराची प्रतिष्ठा लाभली. त्याआधी असे प्रयोग नव्हते असे मात्र नाही. क्वीन या वाद्यवृंदाच्या १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची चित्रफीत सुप्रसिद्धच आहे. १९८३ मध्ये जॉन लँडिस यांनी दिग्दर्शित केलेल्या मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ने भयपटाचे संकेत गीतात आणले आणि कथनाच्या शक्यता वाढविल्या.

या सामग्रीचा पहिला विस्तृत सैद्धांतिक विचार ई. अ‍ॅन कॅप्लन यांनी १९८७ मध्ये केला. त्यांनी व्हिडिओंचे स्वच्छंदतावादी, सामाजिक भान असलेले, शून्यवादी, अभिजात आणि उत्तर-आधुनिक असे पाच वर्ग कल्पिले. वाहिनीच्या अखंड प्रवाहात अर्थ स्थिर राहत नाही, प्रतिमा केवळ वाहत राहतात, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये या भूमिकेवर मार्मिक आक्षेप घेतला. म्युझिक व्हिडिओकडे चित्रपट म्हणून पाहिल्याने त्यातील संगीतच दुर्लक्षिले गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. व्हिडिओत कथा तुटक असते, कारण गीताची रचनाच कडवे आणि ध्रुवपद यांच्या पुनरावृत्तीवर उभी असते. जे विस्कळीत भासते ते वस्तुतः संगीताच्या शिस्तीने बांधलेले असते. कॅरल व्हर्नालिस यांनी २००४ मध्ये हाच विचार पुढे नेऊन दृश्यजोडणीची संगीतानुसारिता सूक्ष्मपणे दाखविली.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने गुडविन यांची मांडणी अधिक उपकारक ठरते. शब्द व दृश्य यांचा संबंध, संगीत व दृश्य यांचा संबंध, प्रकारानुसार येणारे संकेत, गायकाच्या प्रतिमेची जपणूक व त्यासाठी समीपदृश्यांची मागणी, पाहण्याच्या क्रियेचे वारंवार चित्रण आणि अन्य कलाकृतींचे संदर्भ ही त्यांनी नोंदविलेली वैशिष्ट्ये कोणत्याही व्हिडिओच्या विश्लेषणाला आरंभबिंदू पुरवितात.

३. शब्द आणि दृश्य

शब्द व दृश्य यांचे संबंध तीन प्रकारचे मानले जातात. दृश्य शब्दाचेच चित्रण करते. किंवा शब्दात नसलेला अर्थ त्यात मिळविते. किंवा शब्दापासून फटकून राहते. यांना अनुक्रमे चित्रण, विस्तार आणि विसंवाद असे म्हणता येईल. मराठीच्या विद्यार्थ्याला येथे भारतीय साहित्यशास्त्रातील अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींची आठवण होणे स्वाभाविक आहे. या दोन त्रयी एकरूप नाहीत. विसंवादाला व्यंजना म्हणणे तर सर्वस्वी चुकीचे होईल. परंतु वाच्यार्थापाशी थांबणारे दृश्य आणि वाच्यार्थ ओलांडणारे दृश्य यांतील भेद ओळखण्याची सवय ध्वनिसिद्धांताच्या अभ्यासाने आधीच लागलेली असते, हा लाभ लहान नाही.

गीतात पाऊस आला की पाऊस, वाट आली की वाट दाखविणे ही चित्रणाची सर्वात सोपी तऱ्हा. ती सदैव त्याज्य नाही. बालगीतात तिचे औचित्य असते. परंतु भावगीतात प्रतिमा ही बहुधा भावस्थितीची वाहक असते. तिचे तसेच्या तसे चित्र दिले की प्रेक्षकाला करण्यासारखे काही उरत नाही.

विस्ताराचा वस्तुपाठ मराठी परंपरेतच उपलब्ध आहे. बैठकीच्या लावणीत गायिका एकच ओळ पुनःपुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी निराळी अदा करते. शब्द तेच राहतात. रुसवा, आर्जव, उपहास, आठवण असे त्यांचे अर्थ मात्र बदलत जातात. यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या कलावतींची थोरवी गळ्याइतकीच या अर्थदर्शी अभिनयात होती. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात विवरिलेला अभंग उत्तररंगातील आख्यानाने विस्तारतो; आख्यान अभंगाचे चित्र नसते, त्याला दिलेली जोड असते. ध्रुवपद चार वेळा येत असेल तर त्याचे दृश्य चारही वेळा एकच असावे काय, हा प्रश्न विद्यार्थ्याने या परंपरेला विचारून पाहावा.

विसंवादाविषयी विशेष सावधगिरी हवी. हेतुतः योजलेला विसंवाद आणि संबंधाचा अभाव या भिन्न गोष्टी होत. अंगाईच्या शब्दांवर रात्रपाळीला निघालेली आई दाखविली, तर दोहोंच्या अंतरातून अर्थ निर्माण होतो. त्याच शब्दांवर केवळ उपलब्ध आहेत म्हणून डोंगरकड्यांची दृश्ये लावली, तर त्याला विसंवादाचे नाव देऊन समर्थन करता येणार नाही. दोन्ही बाजू परस्परांवर प्रकाश टाकतात की नाही, ही येथील कसोटी होय.

४. सूर, लय आणि दृश्यजोडणी

ध्वनी आणि दृश्य एकाच क्षणी आले की प्रेक्षकाचे मन त्यांना आपोआप सांधते, ही गोष्ट मिशेल शियाँ या फ्रेंच अभ्यासकाने १९९० मध्ये विशद केली. दृश्यजोडणीचे सारे सामर्थ्य या सांधण्यावर अवलंबून आहे. म्हणून निर्मितीचा आराखडा मिनिट-सेकंदांत नव्हे, तर मात्रा-आवर्तनांत आखणे श्रेयस्कर.

उदाहरणार्थ, केरव्यातील एका गीताची गती मिनिटाला १०० मात्रा आहे असे मानू. एक मात्रा ०.६ सेकंदाची होईल. दर सेकंदाला २५ चौकटी या वेगाने चित्रण केल्यास एका मात्रेला १५ चौकटी आणि आठ मात्रांच्या आवर्तनाला ४.८ सेकंद, म्हणजे १२० चौकटी मिळतील. चार मिनिटांच्या गीतात अशी ५० आवर्तने बसतात. या ५० ओळींचा तक्ता करून त्यात शब्द, वाद्यमेळ आणि दृश्य असे तीन रकाने भरले, तर गीताची बांधणी चित्रणापूर्वीच डोळ्यांसमोर उभी राहते. प्रत्येक समेवर दृश्य बदलले तर एकसुरीपणा येतो. कोठेच बदलले नाही तर दृश्य संगीतापासून सुटे पडते. कडव्यात दृश्य दोन आवर्तने टिकवावे, ध्रुवपदात ते अर्ध्या आवर्तनावर आणावे, अशी योजना या तक्त्यावरून सहज करता येते.

तंत्राचा आणखी एक विशेष येथे नोंदविणे अगत्याचे आहे. गायकाची हालचाल संथ, परंतु ओठ मात्र गीताशी जुळलेले हवे असतील, तर चित्रणस्थळी गीत दुप्पट गतीने वाजवावे, कॅमेरा सेकंदाला ५० चौकटींवर ठेवावा आणि जोडणीत ते चित्रण २५ चौकटींच्या वेगाने चालवावे. ओठांची गती मूळ गीताशी जुळते. केस, वस्त्र, पाऊल मात्र संथपणे हलतात.

५. प्रकारसंकेत आणि साचा

म्युझिक व्हिडिओचे सादरीकरणप्रधान, कथनप्रधान आणि संकल्पनाप्रधान असे तीन स्थूल भेद केले जातात; प्रत्यक्षात त्यांचे मिश्रणच अधिक आढळते. याखेरीज संगीतप्रकारानुसारही संकेत ठरतात. रॉकमध्ये वाद्ये व रंगमंच, रॅपमध्ये वस्ती व सोबती, पॉपमध्ये समूहनृत्य अपेक्षित असते. मराठीतही कोळीगीत म्हटले की होडी, किनारा, विशिष्ट रंगांची लुगडी. लावणी म्हटली की नऊवारी आणि चाळ. पोवाडा म्हटला की डफ, तुणतुणे आणि झीलकरी या गोष्टी प्रेक्षक गृहीत धरतो.

स्टीव्ह नील यांच्या प्रतिपादनानुसार प्रकार हा पुनरावृत्ती आणि भेद या दोहोंवर जगतो. संकेत पाळल्याने ओळख पटते. त्यात भेद केल्याने नवता येते. केवळ पुनरावृत्ती उरली की संकेताचा साचा होतो. कोळीगीताचे विद्यार्थ्यांनी केलेले व्हिडिओ पाहताना हा धोका जाणवतो. भाड्याने आणलेली वेषभूषा असते, किनारा असतो, नृत्यही असते. पहाटे बंदरावर लिलावात माशांचा भाव ठरविणारी, टोपली घेऊन बाजार गाठणारी कोळीण मात्र कोठेच नसते. गीत ज्या समाजाचे म्हणून सादर केले जाते तो समाजच दृश्यातून वगळला जातो. येथे प्रश्न सौंदर्याइतकाच न्यायाचा आहे.

६. आवाज कोणाचा, दृष्टी कोणाची

भारतीय चित्रपटात १९३५ पासून पार्श्वगायनाची प्रथा रूढ होऊ लागली आणि आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा ही गोष्ट प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली. पाश्चात्त्य म्युझिक व्हिडिओचा पायाच याच्या उलट आहे. तेथे गाणाऱ्याचा चेहरा हीच मुख्य वस्तू असते. १९९५ मध्ये केन घोष दिग्दर्शित ‘मेड इन इंडिया’त अलिशा चिनॉय स्वतःच्याच गीताची नायिका म्हणून अवतरली, तेव्हा भारतीय प्रेक्षकासमोर आवाज व चेहरा यांची ही एकता ठळकपणे आली.

लावणीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. रामजोशी, होनाजी बाळा प्रभृती शाहिरांनी स्त्रीमुखाने लावण्या रचल्या. शब्द पुरुषाचे, निवेदिका स्त्री, गायिका एक आणि नाचणारी कदाचित दुसरी. यांपैकी कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे ठरविल्याशिवाय चित्रण करणे म्हणजे तो निर्णय सवयीवर सोपविणे होय. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये पडद्यावरील स्त्री ही पुरुषी दृष्टीचा विषय कशी बनते याची चिकित्सा केली. सट झॅली यांनी १९९० मध्ये म्युझिक व्हिडिओंच्या संदर्भात त्याचीच साक्ष गोळा केली. कंबर, पाऊल, ओठ अशा तुकड्यांत देह दाखविणारी दृश्यजोडणी या दृष्टीची परिचित खूण आहे. बैठकीत मात्र कलावती श्रोत्याच्या नजरेला नजर देते, ओळ कोणाकडे पाहून टाकावयाची हे स्वतः ठरविते. तिचा हा अधिकार तुकड्यांच्या जोडणीत नाहीसा होतो. चेहरा आणि हात एकाच चौकटीत ठेवणाऱ्या दीर्घ दृश्यात तो टिकतो. चौकटीची निवड ही अशा रीतीने अर्थाची निवड ठरते.

७. निर्मितीची पथ्ये

उपरोक्त विवेचनावरून विद्यार्थी-निर्मितीसाठी काही पथ्ये निष्पन्न होतात. प्रथम गीताचे संहिता म्हणून वाचन करावे. निवेदक, संबोध्य व्यक्ती आणि भावस्थितीतील बदल लिहून काढावेत. नंतर त्याच प्रकारातील दोन-तीन व्हिडिओंचे संकेत नोंदवून त्यांतील कोणता पाळावयाचा व कोणता मोडावयाचा हे सकारण ठरवावे. त्यानंतरच आवर्तनांचा तक्ता करावा.

हक्कांचा विचारही आरंभीच व्हावा. भारतीय कायद्यानुसार साहित्यकृती व संगीतरचना यांवरील हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून स्वतंत्र असतो. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे. परंतु त्याला एखाद्या आधुनिक संगीतकाराने दिलेली चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण सर्वांचे असेलच असे नाही. परंपरागत चालीवर गीत नव्याने गाऊन घेणे हा निर्वेध मार्ग आहे. त्यामुळे लयीवरही विद्यार्थ्याचा ताबा राहतो.

विवेचक टिपणात सिद्धांतकारांच्या नावांची यादी अपेक्षित नाही. एखादे दृश्य जेथे आहे तेथेच का आहे आणि ते काढल्यास गीताचा कोणता अर्थ उणावतो, याचे उत्तर अपेक्षित आहे.

८. समारोप

म्युझिक व्हिडिओचा जन्म विक्रीच्या गरजेतून झाला, हे खरे. तेवढ्यावरून त्याला साहित्याभ्यासाबाहेर ठेवणे युक्त नाही. लावणीलाही एके काळी आश्रयदाते होतेच. शब्द, सूर आणि अभिनय यांच्या एकत्र नांदण्याचा विचार भरतापासून चालत आलेला आहे, आणि कॅमेरा हा त्या विचारातील नवा भागीदार आहे. काय दाखवावयाचे याइतकेच काय शब्दांवर सोपवून मोकळे राहावयाचे, हे ज्या विद्यार्थ्याला उमगेल त्याच्या हाती गीत सुरक्षित राहील.